घरच्या घरी २० मीटरचा व्हिस्पर बीकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा बीकन नेमकं करतो काय?

बीकन म्हणजे आपोआप चालणारा छोटा रेडिओ ट्रान्समीटर. हा व्हिस्पर (डब्ल्यूएसपीआर) पद्धतीचा, सुमारे २०० मिलिवॅटचा आहे. ठरलेल्या सम मिनिटाला सुरू होऊन तो २० मीटर बँडवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपास, सुमारे ११०.६ सेकंद एक बारीक सिग्नल हवेत सोडतो. त्या सिग्नलमध्ये तुमचं कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं ओळखचिन्ह), चार अक्षरी ग्रिड लोकेटर (नकाशावरच्या तुमच्या चौकोनाचा कोड) आणि शक्तीचा आकडा एवढंच असतं. जगभर संगणकाला जोडून ठेवलेले रिसीव्हर तो ओळखतात आणि कुठे, किती वाजता, किती जोरात ऐकू आला याची नोंद व्हिस्परनेट या संकेतस्थळावर आपोआप चढते. तुम्ही नकाशा उघडून बघायचं. समोर कुणी बोलायला बसलेलं असण्याची गरज नाही.

ही पद्धत जो टेलर यांनी २००८ मध्ये आणली. दुहेरी पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, तेच हे टेलर. त्यांचं कॉलसाइन के१जेटी.

२०० मिलिवॅटमध्ये काय होणार? टॉर्चचा बल्बसुद्धा यापेक्षा जास्त खातो.

युरोप, ऑस्ट्रेलिया अगदी आवाक्यात येतात. कारण साधं आहे: हा सिग्नल जेमतेम ६ हर्ट्झ रुंद आहे. सगळी शक्ती तेवढ्याशा जागेत एकवटते. शिवाय ५० बिटांचा संदेश १६२ चिन्हांत पसरवून पाठवतात, त्यामुळे मधली बरीच चिन्हं गोंगाटात बुडाली तरी उरलेल्यांवरून संदेश जुळतो. २,५०० हर्ट्झ पट्ट्यातल्या गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल उणे २८ डेसिबलपर्यंत खाली असला तरी तो वाचता येतो. कानाने मोर्स ऐकणाऱ्याची मर्यादा साधारण उणे १५ च्या आसपास संपते.

पण याची एक अट आहे, आणि या पानावरची बहुतेक उत्तरं त्या अटीभोवतीच फिरतात. वेळ सेकंदभरात अचूक हवी आणि फ्रिक्वेन्सी काही हर्ट्झमध्ये स्थिर हवी. बीकन ऐकू येत नसेल तर शक्ती वाढवायला धावू नका. आधी घड्याळ आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तपासा.

परवाना लागतो का?

हो. शक्ती कितीही कमी असली तरी लागतो. भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो, त्यासाठी एएसओसी (हौशी केंद्रचालकाचं प्रमाणपत्र) परीक्षा द्यावी लागते आणि वयाची किमान अट १२ वर्षांची आहे. परीक्षेच्या दोन पातळ्या आहेत, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड. तुमच्या पातळीला कोणते बँड, किती शक्ती आणि कोणते प्रसारण प्रकार खुले आहेत हे तुमच्या परवान्याच्या कागदावरच वाचा आणि मगच बँड ठरवा. दुसऱ्याच्या कॉलसाइनवर ‘फक्त चाचणी’ म्हणूनही प्रसारण करायचं नाही. बीकन चालू असेपर्यंत तो बंद करता येईल इतक्या जवळ तुम्ही असलंच पाहिजे. गावाला जाताना प्लग काढून जा.

परवाना यायचा असेल तर तोवर ऐकण्याचं काम करा. एखादा स्वस्त एसडीआर (संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने चालणारा) रिसीव्हर, तारेचा तुकडा आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर इतरांचे बीकन वाचता येतात. बीकन बांधल्यावर तपासणीसाठी हेच साहित्य पुन्हा लागणार आहे.

२० मीटरच का?

अँटेना गच्चीत मावते. दिवसभर आणि संध्याकाळी हा बँड लांबच्या अंतरासाठी उघडा असतो, आणि ऐकणारे रिसीव्हर त्यावर भरपूर आहेत. रिसीव्हरचा डायल १४.०९५६ मेगाहर्ट्झवर ठेवतात. प्रत्यक्ष सिग्नल त्याच्या १,४०० ते १,६०० हर्ट्झ वर, म्हणजे १४.०९७० ते १४.०९७२ मेगाहर्ट्झ या २०० हर्ट्झच्या खिडकीत असतो. बीकनमध्ये लिहायची फ्रिक्वेन्सी ही दुसरी. डायलचा आकडाच प्रोग्रामात टाकून ‘कुणालाच ऐकू येत नाही’ म्हणणं ही नवख्यांची सर्वांत नेहमीची अडचण आहे.

खिडकीच्या अगदी कडेला बसू नका, दोन्ही बाजूंनी २०-२५ हर्ट्झ सोडा. आणि १४.१०० मेगाहर्ट्झच्या आसपास चुकूनही जाऊ नका. तिथे १८ आंतरराष्ट्रीय बीकन आळीपाळीने, प्रत्येकी १० सेकंद, दर तीन मिनिटांनी येतात. त्यातला एक आपल्या बंगळूरचा आहे.

सामान काय लागेल?

मेंदूसाठी आर्डुइनो नॅनो. फ्रिक्वेन्सीसाठी एसआय५३५१ चिपचा तयार बोर्ड. वेळेसाठी निओ-६एम जीपीएस मॉड्यूल, त्याच्या चौकोनी अँटेनासह. शेवटच्या टप्प्यासाठी बीएस१७० मॉसफेट एक. दोन-तीन जास्तच आणा. एक ५ किलोओहमचा प्रिसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), एक १० किलोओहम रेझिस्टर, १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर सात-आठ, १० मायक्रोफॅरडचे दोन.

फिल्टरसाठी टी३७-६ टोरॉइड, म्हणजे तार गुंडाळायच्या कड्या, तीन (हे पिवळे असतात), १८० पिकोफॅरडचे दोन आणि ३९० पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर. हे कपॅसिटर सी०जी किंवा एनपी० जातीचे, ५० व्होल्ट किंवा वरचेच घ्या. साधे पिवळट डिस्क कपॅसिटर तापले की किंमत बदलतात आणि शक्ती खातात. चोकसाठी एफटी३७-४३ फेराइट एक. वाइंडिंगची तार २८ ते ३० गेज.

डमी लोडसाठी (चाचणीत अँटेनाऐवजी जोडायचा रोध) १०० ओहम अर्धा वॅटचे दोन रेझिस्टर समांतर, कार्बन किंवा मेटल फिल्मचे. वायर-वाउंड नकोत, ते स्वतःच कॉइल असतात. मोजणीसाठी १एन४१४८ डायोड आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत यातलं बहुतेक मिळतं. टोरॉइड मात्र दुकानात सहसा मिळत नाहीत, ते ऑनलाइनच मागवावे लागतात. ‘तसाच दिसणारा’ म्हणून जुन्या एसएमपीएसमधला पिवळा-पांढरा टोरॉइड देऊ केला तर घेऊ नका. तो रंगाने फसवतो, पण १४ मेगाहर्ट्झवर सिग्नल गिळतो. वाइंडिंगची तार मात्र मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून दोन मीटर आणली तरी पुरते.

जोडणी कशी करायची?

टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्पा चालला याची खात्री झाल्यावरच पुढचा. सगळं एकदम सोल्डर करून चालू केलं तर दोष कुठे आहे ते शोधायला रात्र जाते.

१. नॅनो आणि जीपीएस. जीपीएसची टीएक्स तार नॅनोच्या डी२ला, वेग ९६००. संगणकावर वेळ उमटते का बघा.

२. एसआय५३५१. एसडीए ए४ला, एससीएल ए५ला. बोर्डावर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर असेल तर ५ व्होल्ट द्या. नुसती चिप असेल तर देऊ नका, ती जाईल. आउटपुट शून्यला काहीही न जोडता शेजारच्या एसडीआरवर सिग्नल दिसला पाहिजे.

३. फिल्टर. आधी वेगळ्या तुकड्यावर बांधा, मोजा, मग बसवा.

४. मॉसफेट, डमी लोडवर.

५. सर्वांत शेवटी अँटेना.

ब्रेडबोर्डवर पहिले दोन टप्पे खुशाल करा. मॉसफेट आणि फिल्टर मात्र तांब्याच्या कोऱ्या बोर्डावर किंवा जनरल पर्पज पीसीबीवर, तारा आखूड ठेवून.

प्रोग्राम स्वतः लिहावा लागतो का?

अवघड भाग तयार मिळतो. आर्डुइनोसाठी एथरकिट नावाने दोन मोफत लायब्ररी आहेत: एक एसआय५३५१ चालवते, दुसरी, जेटीएनकोड, तुमच्या कॉलसाइन-लोकेटर-शक्तीचे १६२ आकडे बनवून देते. प्रत्येक आकडा ० ते ३ मधला. तो आकडा १.४६४८ हर्ट्झने गुणून मूळ फ्रिक्वेन्सीत मिळवायचा, ०.६८२७ सेकंद थांबायचं, पुढचा घ्यायचा. लायब्ररी फ्रिक्वेन्सी हर्ट्झच्या शंभराव्या भागात घेते, म्हणून १४,०९७,१०० हर्ट्झ लिहिताना पुढे दोन शून्यं येतात आणि टप्पा १४६ होतो. ही संख्या ३२ बिटांत मावत असली तरी गुणाकारात अडचण नको म्हणून शेवटी यूएलएल लावून ६४ बिटांत ठेवा.

खरी गोम थांबण्यात आहे. डिले ६८३ लिहिलं तर त्यामुळे होणारी चूक १६२ चिन्हांत ५४ मिलिसेकंद, म्हणजे नगण्य. पण प्रत्येक चिन्हाला चिपशी बोलायलाही वेळ लागतो. तो समजा ५ मिलिसेकंद असेल तर शेवटापर्यंत ०.८ सेकंद साचतात, म्हणजे एका चिन्हाहून जास्त. शेवटची चिन्हं चुकीच्या जागी पडतात आणि सिग्नल दणदणीत असूनही वाचला जात नाही. उपाय: सुरुवातीची वेळ नोंदवा आणि प्रत्येक चिन्हाची संपण्याची वेळ त्या सुरुवातीपासून मोजा, किंवा टायमर-१ वापरा. डिलेवर डिले रचू नका.

याच कारणाने नॅनोचा बोर्डही बघून घ्या. काहींवर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्यात अर्धा टक्का चूक असू शकते. ११० सेकंदांचा अर्धा टक्का म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या वर.

जीपीएससाठी सॉफ्टवेअर सिरियल वापरत असाल तर प्रसारणाच्या काळात ते ऐकणं बंद करा. त्याचे इंटरप्ट मिलिसेकंद खातात.

वेळ किती अचूक हवी? भारतीय वेळेने चालेल का?

प्रसारण सम मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला सुरू व्हायला हवं. एखाद-दुसरा सेकंद पुढे-मागे चालतो. त्यापलीकडे गेलं की नोंदी एकाएकी बंद. सम मिनिट हे यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळेचं), पण आपल्या वेळेतला फरक साडेपाच तासांचा आहे आणि ३० ही समच संख्या. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाचं सम मिनिट आणि यूटीसीचं सम मिनिट एकच.

जीपीएसमध्ये एक छुपी अडचण आहे. उपग्रहांची वेळ यूटीसीपेक्षा १८ सेकंद पुढे चालते. हा फरक मॉड्यूलला उपग्रहाकडूनच कळतो आणि तो संदेश यायला साडेबारा मिनिटं लागू शकतात. तोवर जुनं मॉड्यूल आपल्याकडचा जुना फरक वापरतं, म्हणजे दिवा लुकलुकतोय, वेळ दिसतेय, आणि ती दोन-तीन सेकंद चुकलेली आहे. म्हणून चालू केल्यावर पहिली १५ मिनिटं प्रसारण करायचं नाही असं प्रोग्रामातच बसवा. आणि जीपीएस पाठवतो त्या आरएमसी ओळीत ‘ए’ आलं असेल तरच वेळ घ्या. ‘व्ही’ असेल तर ती वेळ भरवशाची नाही.

जीपीएसची अँटेना खिडकीत आकाशाकडे तोंड करून ठेवा. पत्र्याखाली किंवा मधल्या खोलीत ती तासन्‌तास चाचपडत राहते.

सिग्नल एसडीआरवर दिसतो, पण १४.०९७१ वर नाही. कुठे गेला?

बहुतेक वेळा तो थोडासाच सरकलेला असतो. बोर्डावरचा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दहा लाखात २० भागांनी चुकीचा असणं अगदी सामान्य आहे, आणि १४ मेगाहर्ट्झवर ती चूक २८२ हर्ट्झ होते. खिडकीच २०० हर्ट्झची! म्हणजे न तपासता सोडलेला बीकन खिडकीबाहेर असण्याचीच शक्यता जास्त.

दुरुस्ती अशी. इंटरनेटवर किवी एसडीआर नावाचे खुले रिसीव्हर आहेत, बरेचसे जीपीएसला बांधलेले. जवळपासचा एखादा निवडून तुमचा सिग्नल नेमका कुठे दिसतो ते वाचा, किंवा पहिल्या नोंदींतली फ्रिक्वेन्सी घ्या. समजा १४.०९७१०० ठरवलं होतं आणि १४.०९७१७० दिसलं. फरक ७० हर्ट्झ, भागिले १४.०९७१ म्हणजे दहा लाखात ४.९७. लायब्ररीला हा आकडा अब्जातल्या भागांत लागतो, म्हणून ४९७० लिहा. पुन्हा बघा. चूक दुप्पट झाली असेल तर चिन्ह उलटं करा.

सुरुवातीला लायब्ररीत क्रिस्टलचा लोड ६, ८ की १० पिकोफॅरड ते निवडावं लागतं. एकदा निवडल्यावर बदलू नका, नाहीतर दुरुस्ती पुन्हा करावी लागते.

आणि सिग्नल थेट १५.२२५ मेगाहर्ट्झच्या आसपास सापडला तर तुमच्या बोर्डावर २५ नव्हे, २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. त्याच्या डब्यावरचा आकडा भिंगातून वाचा आणि प्रोग्रामात तोच द्या.

नोंदींमध्ये ‘ड्रिफ्ट’ उणे दोन, उणे तीन येतो. म्हणजे काय?

सिग्नल मिनिटाला तेवढे हर्ट्झ खाली घसरतोय. प्रसारण सुरू झालं की मॉसफेट आणि चिप तापतात, क्रिस्टल त्यांच्यासोबत तापतो. एखाद-दुसऱ्या हर्ट्झने बिघडत नाही, पण त्यापुढे वाचनक्षमता घटत जाते आणि चारच्या पलीकडे नोंदच होत नाही.

मॉसफेट आणि रेग्युलेटर एसआय५३५१पासून निदान पाच-सहा सेंटिमीटर लांब ठेवा. क्रिस्टलवर थर्माकोलचा किंवा फोमचा तुकडा चिकटवा. डबा बंद ठेवा. पंख्याखाली उघडा बोर्ड ठेवला तर ड्रिफ्ट दर खेपेला वेगळा येईल. आणखी एक युक्ती: दोन प्रसारणांच्या मधल्या वेळात चिप पूर्ण बंद न करता तिचं न जोडलेलं दुसरं आउटपुट भलत्याच फ्रिक्वेन्सीवर चालू ठेवा. चिपचं तापमान टिकतं आणि पहिल्या सेकंदापासून सिग्नल सरळ रेषेत येतो.

मॉसफेटचा टप्पा समजावून सांगा. दोन जळाले.

आधी पाय तपासा. बीएस१७० सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून ड्रेन, गेट, सोर्स. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून २एन७००० देतो. तो चालतो, पण त्याचे पाय नेमके उलटे, सोर्स, गेट, ड्रेन. उलटा बसला की आतला डायोड सरळ शॉर्ट करतो.

सोर्स जमिनीला. ड्रेन चोकमधून ५ व्होल्टला. चोक म्हणजे एफटी३७-४३ वर १० वेढे. चोकच्या ५ व्होल्टच्या टोकाला लगेच १०० नॅनोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड जमिनीला. ड्रेनमधून दुसरा १०० नॅनोफॅरड फिल्टरकडे. गेटला दोन गोष्टी येतात: एसआय५३५१चं आउटपुट १०० नॅनोफॅरडमधून, आणि प्रिसेटच्या मधल्या पायाची तार १० किलोओहममधून. प्रिसेटची दोन टोकं ५ व्होल्ट आणि जमीन, मधल्या पायाला १०० नॅनोफॅरड जमिनीला.

गेटवरचा तो कपॅसिटर वाचवू नका. एसआय५३५१ थेट जोडली आणि तिचं आउटपुट वरच्या पातळीवर अडकलं, तर मॉसफेट कायम चालू राहतो. चोकला डीसीचा अडथळा जवळपास नाहीच, त्यामुळे सगळा पुरवठा मॉसफेटमधून जमिनीत जातो. मॉसफेट जळण्यामागे बहुधा हेच असतं किंवा प्रिसेट जास्त फिरवलेला असतो.

बायस असा लावा. प्रिसेट जमिनीच्या टोकाला. पुरवठ्यात २२ ओहम अर्धा वॅट आणि मिलिअँपिअरवर लावलेला मल्टिमीटर मालिकेत. एसआय५३५१चं आउटपुट बंद. आता प्रिसेट हळू फिरवा. गेटवर साधारण २ व्होल्टच्या आसपास काटा हलायला लागेल. प्रवाह १-२ मिलिअँपिअर दिसताच थांबा आणि किंचित मागे या, इतकं की तो शून्य होईल. २२ ओहम काढा, डमी लोड जोडा, आउटपुट ८ मिलिअँपिअर ड्राइव्हवर चालू करा. ६० ते ७० मिलिअँपिअर प्रवाह आणि बोटाला सोसवेल इतपत ऊब, हे ठीक चाललंय असं समजा.

शक्ती कशी मोजायची?

डमी लोडच्या टोकावरून १एन४१४८, पुढे १० नॅनोफॅरड जमिनीला, त्यावर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. आलेल्या आकड्यात डायोडचा ०.५ व्होल्ट मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. मीटर ३.९ दाखवत असेल तर ४.४ चा वर्ग १९.४, म्हणजे सुमारे १९४ मिलिवॅट.

५ व्होल्टवर ५० ओहममध्ये हिशेबाने २५० मिलिवॅटच निघतात. मॉसफेटचा अंगचा रोध आणि फिल्टरची खोट वजा जाता १५० ते २०० हाती लागतात. यापेक्षा फार कमी आले तर फिल्टर तपासा. मोजणी नेहमी फिल्टरनंतर करा, आधी केली तर हार्मोनिकही (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नकोसे सिग्नल) त्यात मोजले जातात.

प्रोग्रामात शक्ती डीबीएममध्ये (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) लिहायची आणि शेवटचा अंक ०, ३ किंवा ७ च चालतो: २० म्हणजे १०० मिलिवॅट, २३ म्हणजे २००, २७ म्हणजे ५००, ३० म्हणजे १ वॅट. खरा आकडा लिहा. याच नोंदींवर अभ्यास करणारे लोक तुमचा आकडा खरा धरून हिशेब करतात.

फिल्टरशिवाय चालणार नाही का? शक्ती तर इतकी कमी आहे.

नाही चालणार. मॉसफेट चालू-बंद पद्धतीने काम करतो, त्यातून २८ आणि ४२ मेगाहर्ट्झवरही सिग्नल बाहेर पडतो. २०० मिलिवॅटचा बीकन ऑस्ट्रेलियात ऐकू जातो, मग त्याचा कचराही जाणारच.

क्रम असा: १८० पिकोफॅरड जमिनीला, मग १६ वेढ्यांचा टोरॉइड, ३९० जमिनीला, १७ वेढे, ३९० जमिनीला, १६ वेढे, १८० जमिनीला. तार टोरॉइडच्या भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. म्हणजे तार नुसती एकदा आरपार घातली तरी तो एक वेढा झाला. बाहेरच्या बाजूने मोजणारे हमखास एकाने चुकतात. म्हणून आतून, भिंगाखाली, टाचणीच्या टोकाने एकेक मोजा. प्रत्येक टोरॉइडला सुमारे ३० सेंटिमीटर तार घ्या. वेढे टोरॉइडच्या तीन-चतुर्थांश परिघावर सारखे पसरवा. गच्च एकत्र ओढले तर इंडक्टन्स वाढतो, आणि तेच शेवटी बारीक जुळवणीसाठी वापरता येतं.

तारेवरचं इनॅमल नीट निघालं नाही की सोल्डर वरवर बसतं आणि आत जोडच नसतो. ब्लेडने सगळीकडून खरवडा, टोकाला कथिल चढवा आणि मल्टिमीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बीप येते का बघा. ‘शक्ती शून्य’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

नॅनोव्हीएनए (फिल्टर आणि अँटेना मोजणारं छोटं यंत्र) कुणाकडून मिळाला तर फिल्टर एकदा तपासाच. १४ मेगाहर्ट्झवर खोट अर्ध्या डेसिबलच्या आत आणि २८ वर ३५-४० डेसिबलची घट दिसली पाहिजे.

फ्लॅटमध्ये अँटेना कशी लावायची?

गच्ची मिळत असेल तर साधा डायपोल: १४३ भागिले १४.०९७, म्हणजे एकूण १०.१४ मीटर, प्रत्येक हात ५.०७ मीटर. कापताना ५.२५ ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) बघत दोन्ही बाजूंनी सारखं छाटत या. तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर लांबी थोडी कमीच भरते. मध्यभागी दोरीने टांगून दोन्ही टोकं उतरती सोडली तरी चालतं.

फक्त बाल्कनी असेल तर एका टोकाने भरायची अर्धलहरी तार: सुमारे १० मीटर तार आणि ४९ ला १ असा ट्रान्सफॉर्मर, एफटी८२-४३ वर ३ आणि २१ वेढे. बारीक तार खालून दिसतही नाही, पण सोसायटीला आधी सांगितलेलं बरं. विजेच्या तारांपासून दूर, आणि कुणाच्या हाताला टोक लागणार नाही अशी बांधा.

शहरातल्या फ्लॅटमध्ये एलईडी, इन्व्हर्टर, चार्जर यांचा गोंगाट इतका असतो की लोक रेडिओच सोडून देतात. बीकनला त्याचा काही फरक पडत नाही. तो गोंगाट तुमच्या ऐकण्यात येतो, पाठवण्यात नाही. ऐकणारा गावाबाहेरच्या शांत जागी बसलेला असतो.

वळवाच्या पावसाचे दिवस आले, गडगडाट सुरू झाला की केबल काढून खिडकीबाहेर ठेवा. पावसाळ्याआधी जोडावर रबराची स्वतःला चिकटणारी टेप गुंडाळा. पाणी कोअॅक्सच्या जाळीतून आत झिरपतं आणि दुसऱ्या वर्षी केबल निकामी होते.

माझा लोकेटर कोणता?

पणजी एमके६५, कोल्हापूर एमके७६, पुणे एमके६८, नागपूर एमएल९१. मुंबईकरांनी नकाशा उघडावा: १९ अंश अक्षांशाची रेघ शहरातूनच जाते. कुलाबा एमके६८, अंधेरी एमके६९. पुण्याच्या पूर्वेला ७४ रेखांश ओलांडला की एमके७८ सुरू होतं.

वीज कुठून द्यायची?

एकूण गरज १७०-२०० मिलिअँपिअरची. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर आणि ७८०५, त्याला छोटा हीटसिंक. मोबाइल चार्जरवरही चालतं, पण स्वस्त चार्जरची घरघर सिग्नलवर चढते आणि शेजारच्या रिसीव्हरलाही त्रास होतो. प्रसारण सुरू होताच नॅनो रीसेट होत असेल किंवा जीपीएस हरवत असेल तर रेडिओऊर्जा तारांतून परत येतेय. जीपीएसच्या आणि पुरवठ्याच्या तारांवर फेराइट चढवा, अँटेनाची केबल डब्याबाहेर पाच-सहा वेढे गुंडाळून घ्या.

जीपीएसऐवजी इंटरनेटवरून वेळ घेतली तर?

चालेल. ईएसपी३२ वायफायवरून वेळ घेतो, तीही सेकंदाच्या थोड्याशा अंशापर्यंत अचूक असते. राउटर बंद पडला की बीकन थांबतो, आणि तो थांबायलाच हवा. शेवटची वेळ धरून चालत राहणारा प्रोग्राम लिहू नका.

मॉसफेट वगळून नुसत्या एसआय५३५१वर चालेल?

फिल्टर लावून, हो. चिप सुमारे १० मिलिवॅट देते. जगाला फेऱ्या मारणारे छोटे फुगे याच शक्तीच्या आसपास व्हिस्पर पाठवतात. अर्थात त्यांची अँटेना कित्येक किलोमीटर उंचीवर असते. जमिनीवरून १० मिलिवॅटच्या नोंदी कमी येतील, पण येतील. अशा वेळी प्रोग्रामात १० डीबीएम लिहायला विसरू नका.

नोंदी आल्या. आता त्यांचा उपयोग काय?

समजा जर्मनीतल्या रिसीव्हरने तुमचे २०० मिलिवॅट उणे १४ वर ऐकले. १०० वॅट म्हणजे ५०० पट, २७ डेसिबल जास्त. त्याच क्षणी १०० वॅटने तिथे अधिक १३ पडले असते, म्हणजे आवाजात बोलता आलं असतं. ५ वॅटने, म्हणजे १४ डेसिबल जास्तीने, शून्य आलं असतं: मोर्स आरामात, आवाज कठीण. अँटेना बदलली, उंची वाढवली, दिशा फिरवली, की एकाच रिसीव्हरच्या, एकाच वेळेच्या, निदान आठवडाभराच्या नोंदी ताडून बघा. एका दिवसाच्या नोंदींवरून निष्कर्ष काढू नका. आयनोस्फिअर रोज १० डेसिबल सहज इकडेतिकडे करतं.

हाच बीकन ४० मीटरवर नेता येईल?

प्रोग्रामात फ्रिक्वेन्सी ७.०४०१ मेगाहर्ट्झ, म्हणजे डायल ७.०३८६. फिल्टर नवा: कपॅसिटर २७०, ६८०, ६८०, २७०, टोरॉइड तेच टी३७-६, वेढे २१, २४, २१. डायपोल दुप्पट लांब, सुमारे २०.३ मीटर. मॉसफेट आणि चोक तसेच राहतात. क्रिस्टलची दुरुस्तीही तीच चालते, कारण ती प्रमाणात आहे. पण २० मीटरचा फिल्टर ४० मीटरवर वापरू नका: १४ मेगाहर्ट्झचं हार्मोनिक तो अडवणारच नाही, थेट अँटेनात पोहोचवेल. दोन्ही बँड हवे असतील तर फिल्टर बर्ग स्ट्रिपवर बसवा, म्हणजे बदलता येतात. आणि प्रत्येकावर बँडचं नाव लिहून ठेवा.